खालून वारा

"सापाला ताप येतो का हो, सिस्टर?"

मंजुळाबाई आबांना कुशीवर वळवून त्यांच्या पाठीवरची जखम साफ करत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "येत असेल. थर्मामीटर लावून बघा. काखेत."

कमलबाई खरोखरच थर्मामीटर आणायला वळल्या. दारापर्यंत गेल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्या तिथंच घुटमळल्या. एवढी मोठी बाई, तीन मजली घराची मालकीण, पण सापाला काख नसते हे कळायला तिला दारापर्यंत चालावं लागलं. मंजुळाबाईंना हसूही आलं नाही. असल्या माणसांवर हसणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं.

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांची नोकरी झाली. लग्न झालं होतं, पण नवरा लवकर गेला आणि माहेर-सासर दोन्हीकडच्यांनी त्यांना फक्त आजारपणापुरतं ओळखलं. कुणाला टाके पडले, कुणाची सून अडली, की मंजुळा आठवायची. निवृत्त झाल्यावर त्या घरोघरी रुग्णसेवा करू लागल्या आणि जळगावला रुपचंदभाऊंच्या बंगल्यावर आल्या. रुपचंदभाऊंचं पाचोऱ्याला कापसाचं जिनिंग होतं. त्यांच्या वडलांना, गिरधर आबांना, अर्धांगवायूनं डावीकडून पाडलं होतं. जीभ जड झाली होती. शब्द तुटक यायचे, शिव्या मात्र अख्ख्या यायच्या.

"कोन शे हाई?" पहिल्याच दिवशी आबांनी विचारलं होतं.

"तुमले धुवाले-पुसाले उनी शे," मंजुळाबाईंनी तेवढ्याच कडक आवाजात सांगितलं होतं. "शिव्या देवान्या व्हतीन त्या आत्तेच दी टाका. नंतर माले येळ नही."

आबा त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले होते. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. दोघंही जगाला फारशी किंमत द्यायचे नाहीत.

सापाचं प्रकरण मग आलं. रुपचंदभाऊ-कमलबाईंचा मुलगा धनराज अमेरिकेत शिकून परतला, तो मोज्यात गुंडाळून एक साप घेऊन. केशरी रंगाचा, अंगावर तांबडे ठिपके, मनगटाएवढासुद्धा जाड नाही. विषारी नव्हता. तिकडे त्याला मका साप म्हणतात, पोरं घरात पाळतात, असं धनराज येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. नाव ठेवलं टायगर. वाघाचं नाव सापाला आणि सापाची जागा म्हाताऱ्याच्या खोलीत, कारण घरातला एकमेव कूलर तिथं होता. आठ दिवस मित्रांना साप दाखवून धनराज मुंबईला धंदा काढायला निघून गेला. मागे उरला माशांच्या दुकानातून आणलेला काचेचा डबा, त्यावर प्लायवूडचं झाकण आणि झाकणावर ठेवलेलं वजनाचं माप.

दुसऱ्या दिवसापासून कूलरचं तोंड आबांकडून सापाकडे फिरलं.

डब्यात जिनिंगमधला पांढराशुभ्र कापूस घातला होता. उन्हाळ्यात त्रास नको म्हणून कमलबाई त्यावर दिवसातून तीन वेळा पाणी शिंपडायच्या, वर बशीत दूध ठेवायच्या. दूध नासायचं. कापूस कुजायचा. साप त्यात तोंड उघडं टाकून पडून राहायचा.

"ते गांडूळ आठवडाभरात मरेल," मंजुळाबाई म्हणाल्या.

"असं अशुभ बोलू नका हो, सिस्टर. धनराज मला खाऊन टाकेल."

"मग म्हाताऱ्याच्या अंगाखालचं रेक्झीन तरी काढा. आबा मेले तर कोण कुणाला खाणार आहे?"

हे त्या आल्यापासून सांगत होत्या. आबांचा दिवाण शिसवी, नक्षीचा. त्यावर फोमची गादी, आणि गादी खराब होऊ नये म्हणून वर रेक्झीन. घाम मुरायला जागा नाही, वारा लागायला फट नाही. पाठीला आणि माकडहाडाला जखमा पडल्या होत्या. नवारीची साधी खाट आणा, अंगाखाली सुती गोधडी घाला, एवढंच त्यांचं म्हणणं. रुपचंदभाऊ मान डोलवायचे. "बघू पुढच्या आठवड्यात. बघायला माणसं येतात हो, सिस्टर. नवारीची खाट कशी दिसेल?"

एका दुपारी मंजुळाबाई आंघोळ करून खोलीत आल्या, तर झाकण तिरकं झालेलं आणि डबा रिकामा. त्यांनी दिवाणाखाली पाहिलं, पडद्यामागं पाहिलं. मग आबांकडे पाहिलं. साप आबांच्या काखेशी वेटोळं करून पडला होता आणि आबांनी आपला चालता हात त्याच्यावर ठेवला होता.

"हालू नका. मी काढस त्याले."

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "कोनी तरी... बाजूले बसनं."

मंजुळाबाई टॉवेल हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. सापाची त्यांना भीती नव्हती आणि प्रेमही नव्हतं. पण त्या खोलीत येणारे सगळे दारातूनच सापाकडे वळायचे आणि सापाकडूनच परत जायचे, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. थोडा वेळ जाऊ दिल्यावर त्यांनी टॉवेलमध्ये साप उचलला आणि डब्यात सोडला.

ही गोष्ट कमलबाईंना कळली, त्यांच्याकडून फोनवर मुंबईला कळली. त्या एकदम रडवेल्या झाल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "धनराज विचारत होता, टायगरला कुठं लागलं-बिगलं तर नाही ना?"

"आणि आबांना?"

"आबांना काय होतंय? ते तर झोपूनच होते."

मंजुळाबाईंनी कमलबाईंकडे फक्त एकदा पाहिलं, जुन्या वॉर्डात फरशीवर थुंकणाऱ्या नातेवाइकांकडे पाहायच्या तसं.

मग मात्र घर हललं. जीप पाठवून धुळ्याहून गुरांचे डॉक्टर आणवले. रुपचंदभाऊ जिनिंग सोडून स्वतः हजर. डॉक्टर सरळ माणूस होता. "भाऊ, मी गाई-म्हशींचा डॉक्टर. असला साप जन्मात पाहिला नाही," असं म्हणूनच त्यांनी तो हातात घेतला आणि उलटा केला. पोटाच्या खवल्यांवर तपकिरी फोड होते, काही फुटलेले.

"ओलं लागतंय याला," डॉक्टर म्हणाले. "रात्रंदिवस ओल्यात पडून राहिला की असंच होणार. हा कापूस फेका. कोरडा कागद घाला, रोज बदला. लाकडाची पेटी करा, बाजूंना जाळी, तळाला फटी. खालून वारा लागला पाहिजे. कडी मात्र पक्की. लपायला एखादं खापर ठेवा. दूध बंद करा, साप दूध पीत नसतो. उंदीर द्या."

रुपचंदभाऊंनी प्रत्येक वाक्याला "बरोबर, बरोबर" केलं.

"भाऊ," मंजुळाबाई मागून म्हणाल्या, "हेच मी उन्हाळा लागल्यापासून सांगतेय. उंदराचं सोडून सगळं. तुम्हाला वाटलं असेल, मी माणसाबद्दल बोलतेय, म्हणून मनावर घेतलं नसेल."

डॉक्टरांनी चमकून दिवाणाकडे पाहिलं. रुपचंदभाऊ मात्र हसले. "सिस्टरांची जीभ म्हणजे!" असं म्हणत डॉक्टरांना चहाला घेऊन गेले. त्या बोलण्यात लागण्यासारखं काही होतं, हे त्यांना खरंच कळलं नव्हतं. मंजुळाबाईंना त्यांचा राग येईना. राग यायला समोर माणूस लागतो.

दुसऱ्या दिवशी तोताराम मिस्तरी सागवान घेऊन आला आणि आबांच्या उशाशीच ठोकाठोक सुरू झाली. आबा डोळे उघडे ठेवून पेटी तयार होताना बघत होते. बाजूला जाळी ठोकली. तळाच्या पट्ट्या फटी ठेवून बसवल्या. आबांनी बोटानं मंजुळाबाईंना जवळ बोलावलं.

"त्याले... खालतीन वारा लागस."

"हां, लागस."

"नशीब घीसन उना भाड्या."

मंजुळाबाई उठल्या. मिस्तरीच्या हातातला रंधा त्यांनी काढून घेतला. "हे ठेव. वर गच्चीवरच्या खोलीत एक जुनी खाट मोडून पडलीय. पाय बसव, नवार ताण. आधी म्हाताऱ्याचं, मग गांडुळाचं."

"बाई, शेठ मन्हावर..."

"शेठला माझ्याकडे पाठव."

संध्याकाळपर्यंत खाट उभी राहिली. मंजुळाबाई आणि मिस्तरीनं मिळून आबांना तिच्यावर घेतलं. रेक्झीनची गुंडाळी मंजुळाबाईंनी स्वतः खिडकीतून अंगणात टाकली आणि कूलरचं तोंड फिरवलं. कमलबाई दारात उभ्या राहून कुरकुरल्या, शिसवी दिवाणाच्या शेजारी ही खाट म्हणजे धर्मशाळा वाटते म्हणाल्या. पण खाट हलवा असं म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही.

"कसं वाटस, आबा?"

"बरं वाटस," आबा म्हणाले आणि लगेच एक शिवी दिली. ती कुणाला, हे मंजुळाबाईंनी विचारलं नाही.

साप सुधारला. मरेल म्हणणाऱ्या मंजुळाबाई खोट्या पडल्या. त्यांनीच रोज बदललेल्या कोरड्या कागदावर सापाचे फोड सुकले, त्यानं कात टाकली, उंदीर गिळला. आबांचं तसं झालं नाही. वरची जखम स्वच्छ दिसत होती, पण आत ती हाडापर्यंत गेली होती. ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. दवाखान्यात न्या म्हणून मंजुळाबाई भांडल्या. आबांना नेलं, सुया-सलाईन झालं, आणि आता घरीच सेवा करा म्हणून परत पाठवलं. एका सकाळी पाणी पाजताना आबांनी तोंड मिटून घेतलं, ते पुन्हा उघडलं नाही. मंजुळाबाईंनी नाडी पाहिली, डोळे मिटवले, मग घरच्यांना हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईच्या गाडीनं धनराज पोचेपर्यंत अंगणात माणसं जमली होती, तिरडी बांधणं चाललं होतं. तो आत आला. दारातून पेटी आधी लागत होती. तो तिथंच उकिडवा बसला, कडी काढून त्यानं साप बाहेर घेतला, पोट वर करून पाहिलं.

"अरे वा! सगळं भरून आलंय." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कुणासाठी होतं हे कदाचित त्यालाही सांगता आलं नसतं. साप परत ठेवून तो आजोबांच्या पाया पडला. मग हळूच म्हणाला, "सिस्टर, तुम्ही टायगरचं फार केलंत. आई सांगत होती. आता आबा नाहीत... पण तुम्ही राहाल का? त्याला तुमची सवय झालीय."

मंजुळाबाईंनी त्याला नीट पाहून घेतलं. चांगल्या कापडाचा शर्ट, रात्रभराच्या प्रवासानं तारवटलेले डोळे, आणि आपण काय बोललो याचा चेहऱ्यावर पत्ता नाही. आबांनी दिली असती ती शिवी त्यांच्या ओठांवर आली. ती द्यायच्यासुद्धा लायकीचा हा नाही, असं वाटून त्यांनी ती गिळली.

"बाहेर जा जरा," त्या म्हणाल्या. "मला पेशंटचं ड्रेसिंग करायचंय."

"आता?"

"आता."

त्यांनी दार लोटलं. आबांना कुशीवर घेतलं, खांदा नेहमीसारखा आपल्या गुडघ्याला टेकवला. जखम पुसली, कोरडी केली, स्वच्छ पट्टी बसवली. दारातून भाऊबंदांपैकी एक म्हातारा डोकावला. "बाई, कशाले आते? आंघोळमा भिजी जाई ते बठ्ठं."

"भिजू द्या. मी परत करीन."

ओट्यावर आबांना आंघोळ घातली. लोक घाई करत होते, ऊन चढत होतं, कुणीतरी मडकं आणा म्हणून ओरडत होतं. मंजुळाबाई गर्दीतून पुढं आल्या आणि ओट्यावर बसल्या. त्यांनी ओली पट्टी सोडली, पदरानं पाठ टिपून कोरडी केली आणि नवी पट्टी बांधली. चिकटपट्टीची टोकं अंगठ्यानं दाबून बसवली. मग हात धुतले आणि उचला म्हणून खूण केली.