बॉयलरपुढची फळी

सोलापुरात होडी बांधणारा माणूस म्हटलं की लोक आधी हसतात. सोमशेखर शेट्यांना त्याची सवय झाली होती. चाटी गल्लीतलं कापडाचं दुकान पुतण्याच्या हवाली केल्यापासून त्यांचा दिवस घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जायचा. तिथं लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली एक होडी होती. वाफेवर चालणारी, दोन माणसांची.

हा नाद काही त्यांच्या एकट्याचा नव्हता. चिंतामणी त्यांचा शाळेपासूनचा मित्र, पुढं पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागला. गड्ड्याच्या जत्रेत मिळणारी पत्र्याची, मेणबत्तीवर फटफट चालणारी खेळण्यातली होडी दोघांनी पोरवयात कापून, आत काय आहे ते बघितलं होतं. पन्नाशी उलटल्यावर ते खूळ परत डोक्यात शिरलं. आधी हातभर लांबीच्या पितळी होड्या झाल्या. एक दिवस चिंतामणी म्हणाला, "सोम्या, आता आपण आत बसू अशी करायची." आणि खडूनं शेडच्या फरशीवरच त्यानं आराखडा काढला. मागं सुकाणू धरणारा सोमशेखर, पुढं बॉयलरशी चिंतामणी.

सोमशेखरांची बायको राजेश्वरी गेली तेव्हा होडीचा सांगाडा नुकताच उभा राहिला होता. तिच्या माघारी घरात पाऊल टाकवत नसे, म्हणून सोमशेखर शेडमध्येच जेवायचे, आणि चिंतामणी शेजारी बसून तांब्याच्या नळ्या घासायचा. मग चिंतामणीच्या लेकीला, श्रावणीला, पुण्यात जुळं झालं. तो आणि रुक्मिणीवहिनी थोड्या महिन्यांसाठी म्हणून गेले ते तिकडचेच झाले. सुरुवातीला त्याचा रोज फोन यायचा. सेफ्टी व्हॉल्व्ह बसला का, सिलिंडर गळतो का, बारीकसारीक सगळं विचारायचा. पुढं फोन कमी झाले. आता सकाळी मोबाईलवर फुलांचं चित्र यायचं, खाली 'शुभ प्रभात'.

सोमशेखरांनी राहिलेलं काम एकट्यानं पुरं केलं. बॉयलरमध्ये गार पाणी दाबून भरून कुठं पाझरतं का ते तपासलं, पाझरलं तिथं परत डाग दिला, परत तपासलं. दिवाळीनंतर, तळं भरलेलं असताना, ओळखीच्या बसूच्या टेम्पोत होडी घालून ते हिप्परग्याच्या तळ्यावर गेले.

काठावर जाळं साफ करत बसलेली केराबाई उठून जवळ आली. "ह्यात चूल कशापायी, मालक? मासं शिजवून आणताय का काय?"

"वाफेवर चालते ही."

"चालती का बघू की," म्हणून ती बसूबरोबर होडी ढकलायला लागली.

बाभळीच्या ढलप्या पेटल्या. वाफेच्या दाबाचा काटा हळूहळू चढला. सोमशेखरांनी वाफ सोडली आणि दट्ट्या एकदा अडखळून पुढंमागं पळायला लागला. छक छक छक करत होडी काठापासून सुटली. त्यांना हसू फुटलं, आणि ते कुणाला दाखवावं म्हणून त्यांची नजर आपसूक पुढच्या फळीवर गेली. तिथं ढलप्यांचं पोतं होतं.

मधोमध गेल्यावर वारा आडवा आला. जाळ घालायला पुढं सरकावं तर सुकाणू सुटून होडी गिरकी घेई, आणि सुकाणू धरून बसावं तर जाळ मंदावे. पुढंमागं करता करता त्यांना दम लागला. काचेच्या नळीत बॉयलरचं पाणी तळाला टेकलेलं दिसलं तेव्हा, कोरडा बॉयलर फुटेल म्हणून, त्यांनी घाबरून आधी निखारे ओढून तळ्यात टाकले. चर्र आवाज झाला. दट्ट्या थांबला.

मग काहीच आवाज उरला नाही. होडी वाऱ्यानं आडवी सरकत होती. लांबवर तुळजापूर रोडवरचे ट्रक मुंगीएवढे दिसत होते. त्यांनी फोन काढला, चिंतामणीच्या नावावर बोट ठेवलं, आणि तो पुण्यातून काय करणार, असं मनात येऊन परत खिशात टाकला. बायको गेल्यावरसुद्धा आपण इतके एकटे नव्हतो, असं त्यांना वाटलं. त्या विचाराची त्यांना लाजही वाटली.

केराबाई थर्माकोलच्या तराफ्यावरून वल्हवत आली. दोर बांधता बांधता तिनं होडी नीट न्याहाळली. "हे दोन मानसांचं काम हाय. तुमचं दुसरं मानूस कुटंय?"

"पुण्याला," सोमशेखर म्हणाले.

"मग बोलवा की त्यास्नी," ती म्हणाली, आणि ओढायला लागली.

बोलवायची वेळच आली नाही. लग्नसराईत भाच्याच्या लग्नाला चिंतामणी आपणहून सोलापुरात आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तळ्यावर गेले. सोमशेखरांनी दोन दिवस पितळ घासून लखलखीत केलं होतं.

"वा! झक्कास झालीय रे!" चिंतामणी म्हणाला. पँट सावरत तो बॉयलरपुढं बसला. जाळ घातला, बॉयलरला पाण्याचा पंप मारला. हात विसरले नव्हते. होडी सरळ, सुरेख चालली. वाराही नव्हता. सोमशेखर त्याच्या पाठीकडं बघत होते. आता तो वळेल आणि काहीतरी म्हणेल, असं त्यांना वाटत राहिलं.

चिंतामणी वळला. "धूर फार येतो, नाही? संध्याकाळी गाडी आहे, हा शर्ट असाच घालून जायचाय." मग तो नातवंडांचं सांगत बसला. सकाळच्या हास्य क्लबचं सांगितलं, तिथल्या कोण्या कर्नलसाहेबांचं सांगितलं. मनापासून सांगत होता. सुखात होता तो.

"इथली आठवण येते का रे?" सोमशेखरांनी विचारलं.

"येते ना. पण खरं सांगू सोम्या, दिवस कसा जातो कळतच नाही." त्यानं मोबाईल काढून दट्ट्याचा फोटो घेतला. "ग्रुपवर टाकतो. कुणाचा विश्वास बसायचा नाही."

त्याला स्टेशनवर सोडून सोमशेखर घरी आले ते थेट शेडमध्ये गेले. राग नव्हता. राग धरावा असं त्यानं केलं तरी काय होतं? बराच वेळ ते होडीच्या कडेवर हात ठेवून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी करवत घेतली आणि बॉयलरपुढची फळी कापून काढली. मागची बैठक पुढं आणली, इतकी की बसल्या जागेवरून भट्टीचं दार उघडता यावं. सुकाणूला दोन्ही बाजूंनी दोऱ्या बांधून त्या कप्पीवरून मांडीपाशी घेतल्या. पंपाचा दांडा डाव्या हाताशी आला. तोल सांभाळायला पुढच्या टोकाला वाळूचं पोतं ठेवावं लागलं. हे सगळं करण्यात उन्हाळा उजाडला.

आता होडी एका माणसाची झाली आहे आणि झकास चालते. बसूला सवड असली की ते हिप्परग्याला जातात. तळं आटत चाललंय, त्यामुळं फेरी छोटी होते. केराबाई काठावरून हात करते, ते शिटी मारतात. त्या दिवसानंतर तिनं दुसऱ्या माणसाचं काही विचारलेलं नाही.

फेरी झाली की जाळ काढायचा, उरलेली वाफ सोडायची, पाणी काढून नळ्या कोरड्या करायच्या, नाहीतर आतून हिरवा कळंक चढतो. पण बॉयलर तापलेला असताना होडी टेम्पोत चढवता येत नाही. बसू तोवर चहाला जातो. सोमशेखर काठावर होडीला टेकून बसतात. तांबं थंड होताना टिक टिक वाजत राहतं, आणि उन्हातसुद्धा त्यांच्या पाठीला त्याची ऊब लागत राहते.