वेदीपाशी बसलेली बितो

ग्रीसमधल्या थोरिकोस गावात डायोनिसोस देवाचा हिवाळी उत्सव अगदी तोंडावर आला होता आणि फिलाग्रोसचा कोरस अजून ताळ्यावर येत नव्हता. नाटक त्यानंच लिहिलं होतं, शिकवतही तोच होता. कोरसमध्ये, म्हणजे नाटकात गात नाचणाऱ्या ताफ्यात, सगळे गावातले कोळी नि शेतकरी. आवाज खणखणीत, पण पायांचा मेळ म्हणून नाही.

"अरे, राजाच्या दारात रडायला आलेली म्हातारी माणसं आहात तुम्ही," तो रोज ओरडायचा, "जाळं कसलं ओढताय?"

त्या सकाळी तो लंगडत रंगमैदानात आला, तर कोरस एका कोपऱ्यात गप उभा. देवाच्या वेदीपाशी एक बाई बसली होती. केस कापलेले, अंगावर धातूच्या दगडाची करडी धूळ, आणि हातात लोकर गुंडाळलेली ऑलिव्हची फांदी. दुसऱ्या हातानं तिनं वेदीची कड धरली होती. शरणागत! तिला आता कुणी हात लावला असता, तर अख्ख्या गावावर देवाचा कोप झाला असता.

"डेक्सिथिओसची गुलाम आहे," कोरसमधला एक कोळी पुटपुटला. "दगड दळणारी. बितो नाव तिचं."

डेक्सिथिओस म्हणजे फिलाग्रोसचा बालमित्र, गावातल्या मोठ्या चांदीच्या खाणीचा मालक. कोरसचे मुखवटे, कपडे, रोजचं जेवण, सगळं यंदा त्याच्याच घरून येत होतं. आणि ते काहीच नव्हतं. बोयोशियाच्या डोंगरातल्या लढाईत भाल्यानं फिलाग्रोसचा गुडघा फुटला, पळापळ झाली, तेव्हा ढाल टाकून त्याला पाठीवर घेऊन धावला होता तो डेक्सिथिओस. ढाल टाकली म्हणून लोक कितीतरी वर्षं त्याला हसत. त्यानं एकदाही कुणाला कारण सांगितलं नाही.

दुपारपर्यंत डेक्सिथिओस आला. सोबत गावचा प्रमुख आरेसियास, घामानं डबडबलेला.

"काय मागतेय ती?" फिलाग्रोसनं विचारलं.

"डोकं मागतेय माझं!" डेक्सिथिओस म्हणाला. "म्हणते, खालच्या बोगद्यातली माणसं वर काढा. छत खाली येणार आहे म्हणे. अरे, ती खाण मी लहान असल्यापासून रोज पडतेय! दर हिवाळ्यात कुणीतरी येतं आणि कडकड ऐकू आली म्हणून रडतं. आज हिचं ऐकलं, तर उद्या गावातली एक वेदी रिकामी मिळायची नाही."

"आणि परवा बळी द्यायचाय हो तिथं," आरेसियास काकुळतीला आला. "बोकड कुठं कापू? तिच्या मांडीवर?"

डेक्सिथिओसनं फिलाग्रोसला बाजूला घेतलं. त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"गड्या, तुझ्या जिभेत जादू आहे. तू तिच्याशी बोल. म्हणावं, मालक कबूल झालाय, ऊठ. वेदीवरचा हात एकदा सुटू दे, मग बघतो मी."

"म्हणजे खोटं बोलू?"

"बोल की! जन्मभर दुसरं काय केलंस? राजांच्या तोंडी, देवांच्या तोंडी घालून बोलतोसच ना?" तो हसला, पण लगेच थांबला. "मी तुझ्याकडं आजवर काही मागितलंय?"

नव्हतं मागितलं. तेच तर अवघड होतं.

फिलाग्रोस बितोपाशी गेला आणि दुखरा पाय लांब करून जमिनीवर बसला. बाईचे ओठ फुटले होते. तिनं त्याच्याकडं नीट बघून घेतलं.

"तुम्ही नाटकवाले गुरुजी ना?"

"हो."

"तुम्हाला पाठवतील असं वाटलंच मला. तुमची माणसं गातात ते आम्हाला दळताना ऐकू येतं. तो राजा शरण आलेल्याला हाकलत नाही ना शेवटी?"

"नाही हाकलत. त्याचा मुलगा मरतो त्यापायी, पण हाकलत नाही."

"वेडाच आहे," बितो म्हणाली. मग हातातली फांदी सावरत, "चांगला आहे, पण वेडा."

फिलाग्रोसला हसू आलं आणि त्याचीच त्याला लाज वाटली. "कोण आहे तुझं खाली?"

"नवरा. तिबिओस. तो एकटाच नाही, पुष्कळ आहेत. छत तोलायला खडकाचे खांब राखलेत ना आत, त्यातच चांदी भरपूर आहे म्हणून आता ते खांबच तासायला लावलेत. ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्या पाठी बघा जाऊन." तिनं वेदीची कड आणखी घट्ट धरली. "मला मोकळं करू नका, दुसऱ्या चांगल्या मालकाला विकू नका, चाबकानं मारा हवं तर. पण त्यांना वर काढा. मालकानं तसं कबूल केलं असेल, तर वचन म्हणून तुम्ही तुमचा उजवा हात माझ्या हातात द्या. मी उठते लगेच."

किती सोपं होतं! एक हात पुढं करायचा. कोरसमधले सगळे बघत होते, पलीकडं डेक्सिथिओस बघत होता. फिलाग्रोसचा हात मांडीवरून हललासुद्धा. मग त्याला दिसलं, की ही बाई खुळी नाही. तो खोटं बोलू शकतो हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही तिनं ते त्याच्यावर सोडलं होतं.

"नाही कबूल झाला तो," फिलाग्रोस म्हणाला. "उठू नकोस."

तो परत आला तेव्हा डेक्सिथिओसचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"काय सांगितलंस तिला?"

"खरं ते."

"वा! पाठीवर घेऊन धावलो मी तुला. माझी ढाल त्या चिखलात पडलीय अजून. लोकांनी माझ्या लग्नातसुद्धा ढालीवरून गाणी म्हटली. आणि एका दळणारणीपुढं तू मला खोटं पाडतोस?"

"तुझ्यामुळं जगलोय, मान्य. तू सांग, मी समुद्रात उडी घेतो. पण हे नाही होणार माझ्याच्यानं."

"मग तुझा कोरस उद्यापासून उपाशी. मुखवटे माझे, कपडे माझे. नाटक कर उघड्यानं!"

कोरसमधून एक दबका हुंकार आला. वर्षभर घासलेलं नाटक डोळ्यांपुढं बुडताना फिलाग्रोसला दिसत होतं. रागावून निघून जावं असं त्याच्या मनात आलं. पण मित्र चुकत असताना रागावून घरी जाऊन बसणं हाही पळपुटेपणाच की! तो म्हणाला,

"ठीक आहे. नाटक गेलं. आता माझं एक ऐक. आपण दोघं त्या बोगद्यात जाऊ. तुझा भरवसा आहे ना त्या छतावर? तिथं माझ्याशेजारी बस, एक पणती जळून विझेपर्यंत. त्यानंतरही तू हेच म्हणालास, तर मी स्वतः तिची समजूत घालीन, आणि जे पाप लागेल ते माझ्या माथी."

"तू? तुला नाट्यगृहाची पायरी चढवत नाही, शिडी उतरणार?"

"पडलो तर तुझ्याच अंगावर पडेन. सवय आहे तुला."

कुणीतरी फिसकन हसलं. एवढ्या माणसांसमोर मागं सरणं डेक्सिथिओसला शक्य नव्हतं. ढालीची गोष्ट अजून गावात जिवंत होती.

शिडी उतरताना फिलाग्रोस पायरीगणिक कण्हत होता. खाली बोगदा इतका अरुंद, की गुडघ्यांवर रांगावं लागलं. तेलाचा धूर, घामाचा वास, आणि अंधारात आडवं पडून दगड फोडणाऱ्या माणसांचे डोळे. मालकाला बघून ठोकाठोक थांबली. तेव्हाच तो आवाज ऐकू आला. डोक्यावर कुठंतरी खडक कटकट करत होता, थंडीत दात वाजावेत तसा. फिलाग्रोसच्या मानेवर वाळूची बारीक धार पडली.

डेक्सिथिओस एका खांबापाशी बसला. पणती वर धरून त्यानं त्यावर तळहात फिरवला. एकेकाळी दोन माणसांच्या कवेत न मावणारा तो खांब आता एखाद्या पोरीच्या कमरेएवढा उरला होता.

"हा कुणी तासायला सांगितला?" त्यानं मागून रांगत आलेल्या मुकादमाला विचारलं.

मुकादम घुटमळला. "तुम्हीच, मालक."

"मी?"

"उन्हाळ्यात म्हणालात, कुठूनही काढा पण माल कमी पडता कामा नये. मी खांबांचं बोललो, तर म्हणालात, माझं डोकं खाऊ नकोस."

डेक्सिथिओसचा तळहात खांबावरच राहिला. पणतीच्या उजेडात त्याचा चेहरा फिलाग्रोसला नीट दिसत होता. आपल्या नाटकातल्या राजासाठी तो वर्षभर असाच एक क्षण शोधत होता, माणसाला आपलाच हात ओळखू येतो तो. पण तिथं त्याला नाटक आठवलं नाही. तो मनातल्या मनात एवढंच म्हणत राहिला, 'अजून वेळ आहे. बोल, लेका, अजून वेळ आहे.'

शेजारी एक हडकुळा माणूस खोकला. डेक्सिथिओसनं विचारलं, "तिबिओस कोण?"

"मी, मालक." तो माणूस घाबरला. "बितोनं काही केलं का?"

"माझी अब्रू चव्हाट्यावर मांडलीय," डेक्सिथिओस म्हणाला. त्यानं पणती खाली ठेवली. ती अजून अर्धी भरलेली होती. "हत्यारं इथंच टाका. सगळे वर चला. आधी खोकणारे."

"आणि उद्या, मालक?" मुकादमानं विचारलं.

"उद्या इथं कुणी दगड फोडणार नाही. हे खांब दगड रचून भरून काढायचे, बोगद्याच्या तोंडाकडून एकेक करत आत. तोवर हा बोगदा बंद."

सगळ्यांत शेवटी ते दोघं चढले. अर्ध्या शिडीवर फिलाग्रोसचा पाय अडला, तेव्हा खालून डेक्सिथिओसनं खांदा लावला आणि शिव्या देत त्याला वर ढकललं.

वेदीपाशी गेल्यावर डेक्सिथिओसनं नुसता उजवा हात पुढं केला. बितोनं त्या हाताकडं पाहिलं, मग फिलाग्रोसकडं. त्यानं मान डोलावली. तरीही ती उठली नाही. रस्त्यानं करड्या धुळीतली माणसं एकामागून एक येताना दिसली, त्यांत तिबिओस दिसला, तेव्हा कुठं तिनं वेदीची कड सोडली. पाय इतके आखडले होते, की कोरसमधल्या दोन कोळ्यांनी तिला धरून उभं केलं.

उत्सव झाला. बोकड वेदीवरच कापला गेला आणि आरेसियासच्या जिवात जीव आला. मुखवटे, कपडे, जेवण, सगळं डेक्सिथिओसच्या घरून वेळेवर आलं, त्याबद्दल दोघांत एक अक्षर बोलणं झालं नाही. कोरस चुकलाच. तरी राजा शरणागताला घालवायला नकार देतो तिथं मागच्या रांगांत उभी असलेली खाणीतली माणसं अशी ओरडली, की नटाला पुढचं वाक्य आठवेना.

त्या हिवाळ्यात बोगदा पडला नाही. डेक्सिथिओसनं हे फिलाग्रोसला भेटेल तेव्हा ऐकवलं.

"बघ, उभा आहे अजून! कमी का नुकसान झालं माझं?"

"माणसंही उभी आहेत," फिलाग्रोस म्हणायचा आणि त्याच्या पेल्यात वाइन ओतायचा.

बितो नि तिबिओस गुलामच राहिले. पण दोघांना आता उघड्यावर, धातू धुण्याच्या हौदांवर काम मिळालं. उन्हात तिबिओसचा खोकला हळूहळू कमी झाला. आणि नवा बोगदा खणायला घेतला की पहिला खांब किती जाड राखायचा, हे बघायला डेक्सिथिओस स्वतः शिडी उतरू लागला, गुडघे फोडून घेत, मुकादमाला शिव्या देत.