नागाच्या अंड्यावरची लोकर

चोपड्याजवळच्या त्या गावात मारुतीच्या पारावर सकाळपासून माणूस मावत नव्हतं. गावात आलेल्या एका बाबांनी म्हणे नर्मदेच्या डोहातून शेषनाग आणला होता. नाग कसला, मांडीएवढा जाड, खवल्याखवल्यांचा दगड. पण त्यावर कपडा टाकून बाबांनी डोळे मिटले की खालून लालभडक अंडं निघायचं. ते दुधात उगाळून प्यायचं, की पाळणा हललाच म्हणून समजा. दगडाला अंडी होतात हे गावाने तीन दिवसांत मान्य केलं. गटार मंजूर व्हायला सहा वर्षं लागली होती.

पुना जळगावातल्या मेहरूणच्या नर्सरीतला माळी. सगळ्यात धाकट्या बहिणीला, पुनमला, भेटायला आला, तर ती पारावर वाटी घेऊन बसलेली. लग्नाला सात वर्षं, मूल नाही, आणि सासरे जीवराम आबा दुधाचा तांब्या घेऊन शेजारी उभे, नवरा त्यांच्या मागे. पुनाने वाटीतलं अंडं उचललं. त्याला तपकिरी लोकर चिकटली होती. ती त्याने लगेच ओळखली.

"आबा, हाई अंडं नही, सायकसना झाडनी बी शे. आमना नर्सरीमा कुत्रा हाई खाईसन मरना."

"हा नाग सृष्टीच्या आधीचा आहे, बालका," बाबा म्हणाले.

बालकाचं वय बावन्न. ऋतिका मॅडम दरवर्षी कॉलेजची मुलं नर्सरीत आणून सायकसपुढे एकच व्याख्यान देत, ते त्याला आरतीसारखं पाठ होतं.

"हाऊ तुमना नागबी तेच झाड शे, दगड व्हयेल. पपईनं पान गळनं की खोडवर खूण ऱ्हास, तश्या ह्या खुना. आन ह्या झाडनी जात इतली जुनी, की तवय साप जन्मनाच नव्हता."

लोक हसले. बाबाही हसले, पण झोळी जवळ ओढून. पुनाने ती हिसकून पालथी केली. लोकरीसारख्या पानांत गुंडाळलेल्या लाल बिया पारभर घरंगळल्या. कपड्याखाली नाग नव्हे, बाबांचा हात अंडी घालत होता.

आबांनी एक बी उचलली. "बाबा, पहिले तुम्ही खा."

बाबांचा नेमका उपवास निघाला.

चमत्कार दिसला की नमस्काराआधी झोळी पाहावी, एवढंच सांगणं. पण अक्कल शिकवली ती पुनमने. तिने वाटी पालथी घातली आणि खाली मान घातलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"आबा, मनी तपासनी दोनदा व्हयनी," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "यासनी एकदाबी नही."

 दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आबा मुलाला घेऊन जळगावच्या दवाखान्यात गेले.