बंद टोकांची प्रजाती

बाईंच्या नावावर जगात एकच प्रजाती होती, आणि तेवढ्या भांडवलावर त्यांनी अख्खी प्रयोगशाळा धाकात ठेवली होती. प्रजाती तरी केवढी? सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतसुद्धा नाही. जुन्यापुराण्या समुद्रात तरंगणारा एक एकपेशीय जीव, डायनोफ्लॅजेलेट. दिवस वाईट आले की तो स्वतःभोवती चिवट कोष बांधून चिखलात झोपायचा, आणि दिवस पालटले की कोषाला खिडकी पाडून चालता व्हायचा. रिकामा कोष चिखलासोबत दगडात जायचा. दगड अ‍ॅसिडमध्ये विरघळवला तरी कोष विरघळत नाही, इतका निबर. बाईंसारखाच, असं विद्यार्थी म्हणत. अर्थात बाई जिना उतरून गेल्यावर.

बाईंच्या कोषाला अंगभर काटे होते आणि काट्यांची टोकं बंद, गोल. तीच त्याची ओळख. तरुणपणी बाईंनी तसं लिहिलं, तसं चित्र काढलं, आणि ज्या एका कोषावरून लिहिलं तो काचपट्टीवर बसवून कपाटात कुलूपबंद केला. प्रत्येक प्रजातीचा असा एकच मूळ नमुना असतो. वाद झाला की त्यालाच साक्षीला काढतात. पण बाईंशी वाद घालायची कुणाची छाती होती? तसा दुसरा कोष कधी कुणाला सापडलाच नाही, आणि बाईंना त्याचाही अभिमान होता.

आता प्रयोगशाळेतच काम करणाऱ्या त्यांच्या भाचीला काही कोष सापडले होते, त्यांतला एकच धड. खिडकी तशीच, काटे तसेच, पण टोकं उघडी, नरसाळ्यासारखी. म्हणजे नवी प्रजाती. लेख तयार होता, आणि तो छापून आला की बाईंच्या निवृत्तीनंतर त्यांची खुर्ची तिलाच मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं.

ही भाची सख्ख्या बहिणीची. बहीण गेल्यावर बाईंनीच तिला वाढवलं, आणि जेवताखाता त्याची आठवणही करून दिली. घरी मावशी आणि तू, प्रयोगशाळेत बाई आणि तुम्ही, असा दंडक होता. माझं खाऊन ही माझ्याच डोक्यावर मिरे वाटणार, हे काही बाईंच्या गळ्याखाली उतरत नव्हतं.

बैठकीत त्यांनी सगळ्यांसमोर तिची सालटी काढली. "उघडी कसली? अ‍ॅसिडनं खाल्लीत टोकं. हिला लहानपणी दुधाकडे बघायला बसवलं तरी दूध उतू जायचं. ही कोष काय सांभाळणार!"

सगळे पोट धरून हसले. भाची लालबुंद झाली, पण एवढंच म्हणाली, "ताडून बघते, बाई."

दुसऱ्या दिवशी तिने बाईंना बोलावलं. "काचपट्टी लावून ठेवलीय. आधी तुम्ही बघा, मग बोलू." तेवढ्यात कुणीतरी हाक मारली म्हणून ती बाहेर गेली.

बाई बसल्या. सगळ्यात मोठं भिंग तेलाच्या थेंबातून काचेला जवळजवळ टेकलं होतं. त्यांनी डोळा लावला आणि टोकं दिसली. उघडी. कडा इतक्या स्वच्छ, की अ‍ॅसिडचं नाव घ्यायची सोय नव्हती. पोरगी खरी होती.

भाचीचे बाकीचे कोष मोडके होते. लेख उभा होता तो एका धड कोषावर. हे भिंग लावलेलं असताना भिंग वरखाली करणारा मोठा खटका फिरवायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात, आणि नवखं पोर पहिल्याच आठवड्यात तो फिरवून काच फोडतं. बाईंनी तो फिरवला. कट् असा आवाज आला. पुन्हा डोळा लावला तर कोषाचा चक्काचूर झालेला. बाईंना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

भाची आत आली तेव्हा त्यांनी चेहरा पाडला होता. "अगं, काच तडकली बघ. हात थरथरतो हल्ली. तुझ्या नशिबातच नव्हतं, दुसरं काय!"

भाचीने सूक्ष्मदर्शकाच्या चिमट्याखालून काचपट्टी काढली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मावशी, ही तुझी होती."

"माझी?"

"तुझा मूळ नमुना. काल ताडून बघायला कपाटातून काढला. याचीही टोकं उघडीच आहेत गं. तुझ्या वेळच्या भिंगातून दिसली नसतील. म्हणजे माझी प्रजाती नवी नाहीच, तुझीच आहे. मी लेख मागे घेणार होते. तू बघितलंस की फोटो काढायचे आणि दुरुस्ती तुझ्याच नावानं छापायची, चूक मी पकडली हे कुणाला कळायला नको. तेच सांगायला बोलावलं होतं."

चिमट्याखाली दडलेलं लेबल आता बाईंना दिसलं. अक्षर त्यांचंच होतं.

"मग छापू या ना," त्या कशाबशा म्हणाल्या. "तू पाहिलंस, मी पाहिलं."

भाची फडक्याने भिंगावरचं तेल पुसत राहिली. पुसता पुसता तिची नजर खटक्यावर गेली, किती फिरवलाय ते तिने पाहिलं, आणि मग बाईंच्या हाताकडे पाहिलं. हात जराही थरथरत नव्हता.

"पाहिलं म्हणून चालत नाही, बाई. नमुना लागतो," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "छापलेलं एवढंच आहे, की तुमच्या प्रजातीची टोकं बंद असतात. माझ्या प्रजातीची उघडी आहेत. म्हणजे माझी नवी. लेख आजच पाठवते."

"आणि माझी? बंद टोकांचा कोष कुणाला सापडणार आहे? तो जगात नाहीच!"

"नाहीच."

"अगं, माझ्याजवळ तेवढंच आहे गं!"

"माहीत आहे. एका ओळीत तुमचा उल्लेख करावाच लागेल. मूळ नमुना नष्ट, प्रजाती शंकास्पद." तिने कागद पुढे ओढला. "नष्ट कसा झाला ते लिहू का, बाई? तेवढं सांगा."

बाईंनी मान हलवली. "नको," त्या म्हणाल्या.