तिसऱ्यांदा विचारा

मधुकर टिपणीसांचा उभा जन्म वीज मंडळात गेला होता. त्यामुळे वीज गेल्याचं त्यांना दुःख नव्हतं. कुणाला ओरडायचं ते इथे माहीत नव्हतं, हा अपमान होता. चिंचवडला असते तर खांबावर चढलेल्या माणसाला नावाने हाक मारली असती. न्यूझीलंडला, मुलाच्या हॉर्नबीत, खांब होते, माणूस नव्हता. आणि सकाळपासून बर्फ असा आडवा येत होता, की जणू त्याला खाली पडायचंच नव्हतं, समोरच्यांकडे चहाला जायचं होतं.

घर गरम ठेवणारा हीटपंप बंद पडून घराचा फ्रीज झाला होता. सरलाकाकू तीन स्वेटर, त्यावर शाल आणि त्यावर मुलाचं रग्बीचं जॅकेट चढवून सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांना दमा होता. प्रत्येक श्वासाला छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. कुकर असता तर गॅस बंद करता आला असता. औषधाची वाफ घ्यायचं मशीन मांडीवर तयार होतं, पण ते विजेवर चालणारं.

मुलगा मकरंद ऑफिसच्या कामाला ऑकलंडला गेलेला आणि विमानं रद्द. त्याने फोन करून बजावलं होतं, "बाबा, मी काउन्सिलला कळवलंय. त्यांची माणसं घरोघर फिरतायत. कम्युनिटी हॉलमध्ये जनरेटर आहे, आईचं मशीन तिथे चालेल. तुम्ही फक्त हो म्हणा."

"काय बोलायचं ते मला कळतं रे."

"तेच तर टेन्शन आहे."

दुपारी दार वाजलं. दारात नारिंगी जॅकेट घातलेली मुलगी, पापण्यांवरसुद्धा बर्फ.

"किओरा, नमस्कार! मी टेसा, काउन्सिलकडून. गाडी आहे, हॉलवर नेऊ का तुम्हाला?"

"नो, नो," मधुकाका तोंडभर हसून म्हणाले. "कशाला त्रास?"

"स्वीट ॲज!" म्हणजे 'मग उत्तमच', असं म्हणून टेसाने अंगठा वर केला आणि ती निघून गेली.

काका उघड्या दारात तसेच उभे राहिले.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नको म्हणालात," काकू म्हणाल्या.

"पण एकदाच म्हणालो!"

टिपणीसांच्या घरात पहिला नको म्हणजे नमस्कार. दुसरा तोंडदेखला. तिसऱ्यांदा विचारलं की मान वाकडी करून, "बरं, तुम्ही म्हणताय तर," असं म्हणायचं. समोरच्यानेही तेवढा आग्रह करायचाच असतो. सासरच्या पहिल्या जेवणात कुणी तिसऱ्यांदा विचारलं नाही म्हणून काकांची जिलबी राहिली होती. तो विषय ते अजून काढत.

"जा, हाक मारा तिला," काकू म्हणाल्या. हाक आणि मारा यांच्यामध्ये त्यांना थांबावं लागलं.

"असं कसं? आपण होऊन मागायचं? बरं दिसतं का?"

काकूंच्या छातीत नुसती शिट्टी वाजली. भांडणात सरलाकाकूंनी उत्तर दिलं नाही, असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

काकांनी दिसेल ते पायात सरकवलं आणि ते धावत सुटले. फाटकाबाहेर आल्यावर कळलं, की ते मकरंदचे जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर होते. समुद्रावर घालायचे, त्यावर अननस काढलेले.

टेसा शेजारच्या ब्रूसच्या पायरीवरून उतरत होती. ब्रूस एकटा राहायचा, म्हणजे एक मांजर आणि तो. दारात उभा राहून तो ब्लँकेटच्या आत थरथरत होता.

"हे पण नको म्हणतायत," टेसा म्हणाली.

"हा पहिला," काका धापा टाकत म्हणाले. "परत विचार."

"पण ते नाही म्हणाले."

"म्हणणारच! पहिल्यांदा कोण हो म्हणतं?"

टेसाने परत विचारलं. "नाह, आय'म राइट, माझं बरं आहे," ब्रूस पुटपुटला.

"दुसरा झाला. छान चाललंय," काका म्हणाले.

टेसाने तिसऱ्यांदा विचारलं. ब्रूसने आभाळाकडे पाहिलं, काकांच्या पायातल्या अननसांकडे पाहिलं आणि विचारलं, "ग्रेव्हीला आणलं तर चालेल?"

ग्रेव्ही म्हणजे मांजर.

ब्रूस पिंजरा आणायला आत गेला. टेसा काकांकडे वळली. "आणि तुम्ही? तुम्हाला मदत हवी आहे का?"

"नो, नो," काका म्हणाले. जीभ मालकाला न विचारता कामावर गेली होती.

टेसाने डोळे बारीक केले. "हा पहिला ना?"

काका पायातल्या अननसांकडे बघू लागले.

"परत विचारते. मदत हवी आहे?"

दुसरा नको ओठांवर येऊन बसला होता. काकांनी मागे वळून घराकडे पाहिलं. एवढ्या वाऱ्यात इथून ती शिट्टी ऐकू येणं शक्यच नव्हतं. ती ऐकू येत नाही, म्हणूनच त्यांनी तो दुसरा नको गिळून टाकला.

"येस," ते म्हणाले. "माझी बायको. तिला श्वास घेता येत नाहीये. प्लीज, लवकर."

टेसा त्यांच्या आधी पळत घरात पोचली.

हॉलमध्ये सुपाच्या भांड्याशेजारच्या प्लगला मशीन लागलं. काकूंच्या मास्कमधून वाफ येऊ लागली. काका समोर बसून त्यांच्या छातीकडे असे पाहत होते, जसे पूर्वी मीटरकडे पाहायचे. शिट्टी हळूहळू बारीक होत गेली. मग थांबली. ग्रेव्ही काकांच्या मंकी कॅपमध्ये झोपली होती आणि ब्रूस सगळ्यांना सांगत होता, की ही जागा आपल्याला पहिल्यापासून आवडते.

टेसा ट्रे घेऊन आली. "बिस्किट?"

काकांनी तोंड उघडलं. मास्कच्या वरून काकूंनी फक्त पाहिलं.

"येस," काका घाईने म्हणाले. "येस, येस."

टेसाने मोजून तीन दिली.

काकूंनी मास्क बाजूला केला. "त्यातलं एक माझं, एक ब्रूसना द्या, आणि मकरंदला फोन करून सांगा की आई बरी आहे आणि बाबांनी मदत मागून घेतली."

सगळं एका दमात. मध्ये कुठेही न थांबता.

"परत म्हण बघू," काका म्हणाले.

काकूंनी परत म्हटलं.

"अजून एकदा."

काकूंनी मास्क लावला आणि डोळे वटारले. फार छान वटारले.