भिंतीआडची धग

गोळ्यांची भरलेली बाटली सापडली ती साबणाच्या डब्यामागे. मार्लिसने ती जेवणाच्या टेबलावर नवऱ्यासमोर ठेवली.

"दोन महिने घेतल्या नाहीस, वर्लिन?"

"कोलेस्टेरॉल उतरलंय. डॉक्टरनंच कागद दाखवला. मग उगाच कशाला पोटात ढकलायच्या?" वर्लिनने ओव्हनमधलं गरम हॉटडिश वाढून घेतलं आणि विषय संपवला.

वर्षापूर्वी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेला हा माणूस! मिनेसोटातल्या आमच्या गावात आग विझवायला गावकरीच बिनपगारी धावतात आणि वर्लिन गेली तेवीस वर्षं त्यांचा चीफ, म्हणजे प्रमुख. पंचाईत तिथेच होती. अग्निशमन केंद्रात कॉफी पिताना त्याने आपलं हे शहाणपण सांगितलं आणि त्याच्याच पथकातल्या, हृदयाच्या नळीत जाळी बसवलेल्या ड्वेननेही आपली गोळी बंद केली. चीफ म्हणतो म्हणजे बरोबरच असणार. आपणही असेच वागतो, नाही का? औषध डॉक्टरचं, सल्ला मात्र कॉफीच्या टेबलावरचा.

गुरुवारी सकाळी आर्डिसच्या औषधाच्या दुकानात, मागच्या खोलीत वायर पेटली. बंब आला, दहा मिनिटांत ज्वाळा विझल्या. आर्डिस म्हणजे वर्लिनची शाळेतली सोबतीण, सत्तरीतही गल्ल्यामागे ताठ उभी राहणारी.

"झालं की. आता जा घरी," ती म्हणाली.

वर्लिन जागचा हलला नाही. त्याने हातमोजा काढला आणि पंजाची मागची बाजू भिंतीवरून हळूहळू फिरवली. खिडकीशी तो थांबला.

"इथं धग आहे. फोडावी लागेल."

"अरे, परवाच रंग दिलाय त्या भिंतीला!"

"रंग पुन्हा देता येतो."

कुऱ्हाडीचे चार घाव पडले. आतला लाकडी खांब लालभडक धुमसत होता. ड्वेनने पाणी मारलं. असा माणूस आपल्या गावात आहे याचा दारातून बघताना मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

मग आर्डिसने वर्लिनला मागच्या पायरीवर बसवलं.

"ज्वाळा विझल्यावर घरी का गेला नाहीस?"

"दिसणारी आग सोपी असते. घर जातं ते न दिसणाऱ्या आगीनं."

"मग स्वतःच्या भिंतीला कधी हात लावलास? गोळ्या साबणाच्या डब्यामागे ठेवतोस म्हणे."

"मार्लिस बोलली?"

"आम्ही दोघी एकाच ठिकाणी केस कापून घेतो. ऐक आता. मोरीच्या पायपात साचते तशी चरबी रक्ताच्या नळीत साचते, असं तुला वाटतं. तसं नाही. ती नळीच्या भिंतीच्या आत साठते आणि तिथं दाह धुमसत राहतो. त्यानं वरचा पापुद्रा झिजतो. एक दिवस तो फाटतो, रक्ताची गाठ धरते आणि वाट बंद. ही गोळी कोलेस्टेरॉल उतरवते, पण तेवढंच नाही. ती तो दाह निववते, पापुद्रा जाड व्हायला मदत करते. कागदावरचा आकडा उतरला तोही गोळीमुळेच. तू ज्वाळा गेल्या बघून पाण्याची नळी गुंडाळलीस."

"त्या गोळीनं पायात गोळे यायचे गं," वर्लिन पुटपुटला.

"मग डॉक्टरला सांग. मात्रा बदलता येते, गोळी बदलता येते. लपवून काय होतं?"

वर्लिनची नजर अंगणात गेली. ड्वेन वाकून पाण्याची नळी गुंडाळत होता, मध्येच कमरेवर हात ठेवून दम घेत होता. वर्लिनचा चेहरा उतरला. तो उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ड्वेन, ठेव ती नळी खाली. गोळ्यांबद्दल मी बोललो ते साफ चुकीचं होतं. चल, आत्ताच दोघं डॉक्टरला फोन करू."

"चीफ, आणि चूक?"

"हो. आणि तुझ्या जिवावर बेतली असती."

भर अंगणात, स्वतःच्या माणसांसमोर असं बोलायला आगीत शिरण्याहून मोठी छाती लागते. दुपारी डॉक्टरने दोघांनाही बोलावून घेतलं. ड्वेनची जुनी गोळी पुन्हा सुरू झाली, वर्लिनला दुसरी मिळाली. त्याची नवी बाटली आता कॉफीच्या भांड्याशेजारी असते, सगळ्यांना दिसेल अशी.

मंडळी, आकडा उतरला म्हणून आग विझली असं समजू नका. औषध नकोसं झालं तर डॉक्टरला सांगा, शेजाऱ्याला नाही. आणि आपला चुकीचा सल्ला कुणी ऐकला असेल, तर वर्लिनसारखं जाऊन तो परत घ्या, आजच.