कोपऱ्यातलं लॅव्हेंडर

"सर, इतक्या वर्षांत तुमचं एक तरी झाड पास झालंय का?"

हे विचारायची पैज माझी मैत्रीण संजनाने लावली होती आणि सर म्हणजे माझेच पप्पा! आमची नववीची सहल गिरणारे रोडवरच्या त्यांच्या नर्सरीत आली होती. एका अत्तर कंपनीसाठी ते तिथे नाशिकचं ऊन सोसेल असं लॅव्हेंडर तयार करतात. मागच्या वर्षापर्यंत मी वर्गात हात वर करायलाही घाबरायचे. आता सगळ्यांसमोर खणखणीत विचारलं.

पप्पा हसले. "नाही बाई. पण ते कोपऱ्यातलं होईल बहुतेक. मेमध्ये बाकीची करपली, हे राहिलं." मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "हेही गेलं तर कंपनी प्लॉट बंद करणार."

मी फुलं हुंगली. कसला गोड वास! "झालंच पास," मी जाहीर करून टाकलं.

पण नाकाचं कोण ऐकतं? पास-नापास ठरवणारं कंपनीच्या लॅबमधलं मशीन फुलांच्या तेलातला एकेक घटक वेगळा करतं, आणि प्रत्येकाचा आलेखावर एक सुळका उमटतो. गोड वासाचा उंच हवा, कापराचा अगदी बुटका. आमच्या झाडाचा कापूर डोंगराएवढा आला.

त्या रात्री पप्पा जेवले नाहीत. आई एकदम दचकली. "अहो, तुम्ही रविवारी फुलं वाळवायला कपाटात ठेवलेली ना? तिथे मी स्वेटरांत कापराच्या वड्या टाकल्यात!"

"अगं, काय बाई आहेस तू!" पप्पा ओरडले आणि हसायलाच लागले. बोलणी खाऊन आईसुद्धा खूश! मी तर शाळेत सांगूनही टाकलं, झाड पास आहे, घोळ आमच्या कपाटाचा.

पप्पांनी उरलेली ताजी फुलं खुडून थेट लॅबमध्ये नेली. मी शाळेतून परस्पर तिथेच गेले. कापराचा सुळका चढत गेला. चढतच गेला. पहिल्या वेळेएवढाच.

"स्वेटर मी बाहेर काढलेत," आई घरी उगाचच म्हणाली.

"कापूर झाडातच आहे गं," पप्पा म्हणाले. "सोमवारी कंपनी प्लॉटवर ट्रॅक्टर फिरवणार. कोपऱ्यातलं तेवढं मी आधी हाताने काढतो."

"घरी कुंडीत लावू या?" मी विचारलं.

"आणि रोज तो वास घेत बसू?"

त्यांनी ताटावरून हात मागे घेतला.

"पप्पा, तुम्ही जायचं नाही," मी म्हणाले. "आई, तूही नाही. ते झाड मी उपटणार."